उजाडल्यापासून किती वाजले?

एका खोलीत चार माणसं वर्षानुवर्षं कोंडली की त्यांच्या हातून काम किती होतं ते सांगता येत नाही, पण किस्से मात्र नक्की होतात. आमच्या लॅबमध्ये सेल कमी टिकले, किस्से जास्त टिकले. ते आठवून हसायला आता खोलीत दुसरं कोणी नाही. म्हणून तुम्हाला सांगते. कंटाळा आला तर उठून जा, मला सवय आहे!

आधी आमचं काम काय ते थोडक्यात. घरांच्या छपरावर निळी-काळी पॅनेलं दिसतात ना, ती सिलिकॉनची. आमचा सेल वेगळा. शाईसारखं एक द्रावण काचेवर टाकायचं, काच भिंगरीसारखी फिरवायची आणि मग तापवायची. पिवळा थर बघता बघता काळा होतो. त्या काळ्या थराचं नाव पेरोव्हस्काइट. करायला स्वस्त, ऊन प्यायला पटाईत. खोड एकच. हवेतली वाफ लागली की परत पिवळा पडतो. काळा म्हणजे जिवंत, पिवळा म्हणजे गेला. आणि असलं नाजूक काम करायला आम्हाला गाव कुठलं मिळालं? बेळगाव! इथं पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते.

आमचे गाइड मुचंडीकर सर म्हणायचे, "अगं, म्हणूनच इथं करायचं. वाळवंटात कोणीही टिकवेल."

सरांची इच्छा एकच होती. आम्ही केलेला एक सेल, फक्त एक, कॉलेजच्या गच्चीवर उघड्यावर ठेवायचा आणि त्यानं बेळगावचा एक पावसाळा काढायचा. मिरगापासून दसऱ्यापर्यंत. त्यांनी ह्याच्यावर आयुष्यातली शेवटची सगळी वर्षं लावली होती. एका वर्षीचा सेल बैलांच्या सणाला, बेंदराला गेला. पुढच्या वर्षीचा नागपंचमीला. त्याच्या पुढचा गणपती बघून गेला, तेव्हा सरांनी आम्हाला पेढे दिले. मेलेल्या सेलाचे पेढे खाणारी आमची लॅब जगात एकटीच असेल!

*

पहिला किस्सा शेकहँडचा.

आमच्याकडं एक ग्लोव्ह बॉक्स आहे. काचेची मोठी पेटी, आत कोरडा नायट्रोजन भरलेला, आणि पुढच्या काचेला दोन लांब काळे रबरी हातमोजे. आपण बाहेर उभं राहून त्यात हात घालायचे आणि आतलं काम करायचं. कोणी काम करत नसलं की आतल्या दाबानं ते मोजे फुगून बाहेर येतात आणि पेटीनं हात पुढं केल्यासारखे ताठ उभे राहतात. दाब कमी झाला की मोजे लुळे पडतात. म्हणून सरांनी नियम केला होता. सकाळी जो येईल त्यानं आधी उजवा मोजा दाबून बघायचा. म्हणजे शेकहँडच. हात घट्ट लागला तर दिवस चांगला.

माझ्याबरोबर दोघं होते. विनायक वडगावचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या साड्या विणणारा. आणि शिवलीला, हुक्केरीकडची, घरी कन्नड बोलणारी आणि आमच्याशी आमच्यापेक्षा वेगात मराठी बोलणारी. विनायक रोज मोजा हातात घेऊन विचारायचा, "आप्पा, बरं हाय न्हवं?" शिवलीला नुसता हात मिळवायची नाही, शिवाय मानही लववायची.

एकदा बेंगळुरूहून तपासणीला कमिटी आली. आम्ही तिघं ओळीनं आत गेलो आणि सवयीनं एकेक करून मोज्याशी हात मिळवला. मागून सरांनीही मिळवला. कमिटीतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ जरा घुटमळले. मग पुढं झाले, मोजा हातात धरला, हलवला आणि पेटीकडं बघून अदबीनं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं!

कोणी हसलं नाही. रिपोर्ट मात्र फार चांगला आला.

*

पेटी लहान. सगळी कामं त्यात मावत नव्हती. काही काम खोलीतच, उघड्यावर करावं लागायचं. त्यामुळं खोली कोरडी ठेवणं हा सरांचा ध्यास होता. दाराबाहेर छत्र्या, दाराबाहेर चहा, दाराबाहेर ओले रुमाल. शिवलीला सोमवारी न्हाऊन ओल्या केसांनी आली, की सर तिला गच्चीवर उन्हात उभं करायचे.

"अय्यो सर, शाळेत पण मला असं उभं केलं नाही की!"

"शाळेत पेरोव्हस्काइट नव्हता," सर म्हणायचे.

भिंतीवर हवेतली वाफ मोजायचा मीटर होता. खोलीत एकटं माणूस असलं की आकडा खाली, चौघं जमलो की आकडा वर. माणूस श्वास सोडतो, त्यात वाफ असते, त्याला इलाज काय! पण सरांना ते बघवायचं नाही. एक दिवस त्यांनी काम थांबवून आम्हाला समोर बसवलं आणि कमी बोलण्याचे फायदे समजावले. प्रत्येक शब्दाबरोबर किती ओल बाहेर पडते, बडबडीनं सेलचं आयुष्य कसं कमी होतं, जुने शास्त्रज्ञ कसे मौन पाळून काम करत. सर रंगात आले होते. आम्ही शिस्तीत ऐकत होतो.

बऱ्याच वेळानं विनायकनं तोंड न उघडता फक्त बोट वर केलं आणि मीटर दाखवला. आकडा इतका वर आम्ही कधीच पाहिला नव्हता!

सर स्वतःच दार उघडून बाहेर जाऊन उभे राहिले.

*

माझी आई निपाणीला असते. तिनं उमेदीच्या काळात तंबाखूच्या वखारीत काम केलं, मला शिकवलं, आणि आता विहारातल्या बायकांना माझ्या सेलबद्दल सांगते. काय सांगते ते मला माहीत नाही. विचारायची हिंमत होत नाही.

एकदा फोनवर तिनं विचारलं, "तुझ्या त्या सेलाला किती मार्क पडत्यात गं?"

मी म्हटलं, "मार्क नाही आई, एफिशियन्सी. शंभर भाग ऊन पडलं तर त्यातली वीज किती भाग, ते."

"तेच की. शंभरातलं किती?"

मी सांगितलं, की पस्तिसाच्या बरंच खाली. आमच्यासारख्या सेलाला जगात कोणीच अजून पस्तीस पाडलेले नाहीत.

मग अगदी हळू, माझं मन दुखू नये अशा बेतानं म्हणाली, "असू दे बाई. पडल्याल्या पोरांनी परत बसायचं असतंय. रडू नगंस!"

मी रडत नव्हते. पण फोन ठेवल्यावर थोडं आलं, का ते कळलं नाही. पावसाळ्यात तर ती जास्तच काळजी करायची. वर्षावास लागला की म्हणायची, "पावसात भिक्खूसुदिक एका जागी छपराखाली बसत्यात. तुझ्या त्या एवढ्याश्या सेलाला गच्चीवर कशाला सोडलंय?"

हे मी सरांना सांगितलं. सर हसले नाहीत. म्हणाले, "आईंना सांग, त्याला एकट्यानं राहायला शिकवतोय."

*

आता हळदीचा.

आमच्या भागात खंडेनवमीला हत्यारांची पूजा जोरात असते. गाड्या, माग, करवती, कॉम्प्युटर, काही सुटत नाही. विनायकच्या घरी मागांना हार घालतात. तो म्हणाला, लॅबला का नको? सरांनी बराच विचार करून परवानगी दिली. अट एकच. पूजा कोरडी पाहिजे. पाणी नाही, दूध नाही, ताजी फुलं नाहीत. नारळाच्या जागी सुक्या खोबऱ्याची वाटी. हळद-कुंकू चिमटीनं, कोरडंच. उदबत्ती न लावता नुसती दाखवायची!

मी काही पूजा करत नाही. विनायक म्हणाला, "तू नुस्ती हुबी ऱ्हा आणि डेटा घे." मी उभी राहिले.

सगळं छान झालं. सुट्टी संपवून आम्ही परत आलो, तर टेबलावरच्या ट्रेमधले नवे सेल पिवळे. सगळे! पूजेच्या आधीच केलेले, काचा चिकटवून बंद केलेले, पुढच्या वर्षी गच्चीवर जायचे उमेदवार. सर खुर्चीत बसले. चष्मा काढला. शिवलीला रडायला लागली. मी मीटर बघत होते, कारण दुसरं कुठं बघावं ते सुचत नव्हतं.

विनायक पुढं झाला. एका सेलवरनं बोट फिरवलं, आणि आम्ही ओरडायच्या आत ते बोट तोंडात घातलं!

ह्या सेलांत शिसं असतं हो! विषारी! सर उठले, त्याची कॉलर धरली. "थुंक! गाढवा, थुंक आधी! शिसं आहे त्यात!"

विनायकनं जिभेवर चव घोळवली. "न्हाय सर. हळद हाय," तो म्हणाला. "सांगलीची."

पंखा चालू राहिला होता, बाकी काही नाही. काचा पुसल्या तर खाली सेल काळे कुळकुळीत. सरांनी त्याची कॉलर सोडली आणि मग तीच कॉलर दोन्ही हातांनी नीट केली. त्या दिवशी चौघांनी मिळून कॅन्टीनमध्ये बसून जेवण केलं. असं जेवण परत कधी झालं नाही.

*

सरांचं घर टिळकवाडीत. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्यानंतरच्या पहिल्या गणपतीत आम्ही तिघं सरांकडं गेलो. घरात शिरलो आणि उभेच राहिलो. सगळ्या भिंतींवर घड्याळं! तुम्हाला माहीत आहे ना आपल्याकडची पद्धत. कोणाचाही सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ, तबकडीवर संस्थेचं नाव. सर नोकरीभर भाषणं देत फिरले. खानापूर, संकेश्वर, गडहिंग्लज, जिथं गेले तिथून एक घड्याळ आणलं. टाकून द्यायला काकूंचा जीव होत नसे. एकही घड्याळ त्यांनी बंद पडू दिलं नव्हतं. सगळी एका वेळेला लावून ठेवायच्या, म्हणजे टोले एकदम पडायचे.

आता ते बघणारं कोणी नव्हतं. आम्ही चहा पीत असताना तास भरला. एका घड्याळानं टोले द्यायला सुरुवात केली. ते थांबलं तोवर स्वयंपाकघरातलं लागलं. मग जिन्याखालचं. मग आतल्या खोलीतलं.

विनायकला राहवलं नाही. "सर, तुमच्या घरात धा वाजायला धा मिंटं लागत्यात!"

सर खूप हसले. मग म्हणाले, "हो रे. ती असताना एका दमात वाजायचे." आणि आम्हाला बिस्किटं घ्या, बिस्किटं घ्या म्हणत राहिले.

निघताना त्यांनी टेबलावरचं एक छोटं डिजिटल घड्याळ उचललं आणि विनायकच्या हातात ठेवलं. "ह्यातली बॅटरी काढ. गच्चीवरच्या सेलवर चालवून दाखव."

*

चाललं! गच्चीवरच्या सेलची वायर खिडकीतून खाली आणली आणि घड्याळाला जोडली. ढगाळ उजेडातसुद्धा चालायचं, हा आमच्या सेलचा खरा गुण. फक्त एक गोची होती. अंधार पडला की घड्याळ बंद, आणि उजाडलं की परत शून्यापासून सुरू. म्हणजे खरी वेळ त्याला कधीच कळायची नाही. उजाडून किती तास झाले, तेवढंच दाखवायचं.

हळूहळू आम्ही त्याच वेळेनं चालायला लागलो. सकाळी मी यायची तेव्हा साधारण साडेतीन झालेले असायचे. पाचच्या सुमाराला आम्ही चहा घ्यायचो. सर विचारायचे, "किती वाजले?" आणि घड्याळात आकडा दिसला की तो कितीही असो, म्हणायचे, "वा!" कारण आकडा दिसतोय म्हणजे गच्चीवरचा सेल जिवंत आहे.

विनायकनं एकदा घाईत कॅन्टीनला फोन केला. "पाच वाजता चार चहा पाठवा."

आमच्या पाच वाजता कोणी आलं नाही. विनायक चिडला, शिवलीला चिडली, सरांनी नोकरशाहीवर भाषण दिलं. आणि संध्याकाळी, खिडकीतल्या घड्याळात अकरा वाजायच्या बेतात असताना, कॅन्टीनवाला चार चहा घेऊन अगदी वेळेवर हजर!

"काय राव तुमी," विनायक त्याला म्हणाला, "दिवस बुडाला की!"

*

मग शिवलीलाचं लग्न ठरलं. मुलगा जर्मनीत. लग्न संकेश्वरला, हायवेलगतच्या कार्यालयात. आम्ही स्टेजवर गेलो. नवरदेवानं हात पुढं केला. विनायकनं तो हातात घेतला, दाबला, सोडला, परत दाबला. नवरदेव गोंधळला. विनायक मागं वळून सरांना मोठ्यानं म्हणाला, "प्रेशर बरोबर हाय सर! पाठवून द्या!"

सर्वांत जास्त शिवलीला हसली. मुंडावळ्या हलेपर्यंत हसली. मग माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "सुजाता, माझा सोमवार तू सांभाळ की गं." सोमवारी पेटी साफ करायची पाळी तिची होती. तिथून पुढं माझी झाली.

पुढच्या थंडीत विनायकला कोरियात काम मिळालं. जायच्या दिवशी तो सामान घेऊनच लॅबमध्ये आला. सरांच्या पाया पडला. मला म्हणाला, "रडू नगंस हां, ह्युमिडिटी वाढंल." मोज्याशी हात मिळवला, "आप्पा, येतो," म्हणाला आणि पळत सुटला, कारण खाली रिक्षा थांबली होती. माझ्याशी हात मिळवायचा तो विसरला. मी हात पुढं केला होता. नंतर तोच हात मी मोज्याशी मिळवला.

आता एक गंमत ऐका. माणसं कमी होत गेली आणि आमचे सेल सुधारत गेले! शिवलीला गेल्यावर मीटर खाली आला. विनायक गेल्यावर आणखी खाली. सरांना बरं नसायचं, ते घरी थांबायला लागले, आणि खोलीत मी एकटी. बोलायला कोणी नाही म्हणजे वाफही नाही. ह्या वर्षी उन्हाळ्यात, असंच एकटीनं काम करताना, लॅबमधला आजवरचा सगळ्यात चांगला सेल माझ्या हातून झाला. शाईत एक मीठ चिमूटभर वाढवलं होतं, कडेचा चिकटा बदलला होता. पण मला विचाराल तर खरं कारण मीटरवर दिसत होतं. एफिशियन्सीचा आकडा बघितला, आनंदानं मागं वळले. "झालं!" म्हणाले. मागं कोणी नव्हतं. "झालं" म्हटल्याची जी काय वाफ झाली तेवढीच.

फार एकटं वाटलं मला. उगाच लपवत नाही.

सरांना फोन केला. ते रिक्षा करून आले, सेल उजेडाकडं धरून बघितला आणि म्हणाले, "हा दसरा बघणार."

मिरग निघाला त्या दिवशी आम्ही दोघांनी तो गच्चीवर बसवला. घड्याळ जोडलं. शून्यापासून सुरू झालं.

*

पावसाळ्याच्या मध्यावर सर निवृत्त झाले. डिपार्टमेंटनं समारंभ केला. शाल, श्रीफळ, आणि... बरोबर ओळखलंत! मोठ्ठं होतं, लंबकवालं. सरांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं. भाषणात म्हणाले, "माझ्याकडं आता वेळच वेळ आहे." सगळे हसले. मी नाही हसले, कारण मी ते घर बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास लॅबमधला फोन वाजला.

"किती वाजले?" सर.

मी खिडकीकडं बघितलं. "पावणेचार, सर."

"वा!" फोन बंद.

तिथून पुढं हे रोजचं झालं. पहिल्यांदा नुसतं एवढंच. मग हळूहळू "वा"नंतर एखादं वाक्य यायला लागलं. डब्यात काय आणलंस. पिरनवाडीकडं म्हणे काल खूप कोसळला. आईंची तब्येत कशी आहे. नवं घड्याळ लावायला भिंतीवर जागाच नाही, दारामागं लावलंय. मीही सांगायची. विनायकनं बर्फातला फोटो पाठवलाय. शिवलीलाला मुलगी झाली. मोजे आज घट्ट आहेत.

एक दिवस संध्याकाळी घरी कुकर लावताना लक्षात आलं, की दिवसभरात मी सरांशिवाय कोणाशीच बोललेले नाही. दुसऱ्या दिवशी सरांना सहज म्हटलं तसं. ते म्हणाले, "असं? माझंही तसंच." आणि दोघांनीही लगेच फोन ठेवला नाही.

सेल काय करत होता? टिकत होता! बेंदूर गेला. नागपंचमी गेली. पावसानं गच्चीवर शेवाळ आणलं, वायरीला हिरवा रंग चढला, सेल काळाच. गणपती बसले, उठले. आता पेढ्यांची हद्द ओलांडली होती! सर रोज विचारायचे, मी रोज सांगायची, रोज वा. आईनं विहारात जाहीर करून टाकलं, की सुजाताचा सेल पुरा वर्षावास करणार. सरांनी दसऱ्याला लॅबमध्ये यायचं नक्की केलं. येताना सांगलीची हळद आणतो म्हणाले.

घटस्थापना झाली आणि परतीचा पाऊस सुरू झाला. दोन दिवस धुवाधार. दसरा अगदी तोंडावर आला होता.

त्या सकाळी मी आत आले, मोज्याशी हात मिळवला. घट्ट होता. मग खिडकीकडं बघितलं. घड्याळात काही नव्हतं.

वायर हलवून बघितली. गच्चीवर गेले. एका कोपऱ्यातून आत पाणी शिरलं होतं, आणि सेल त्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत पिवळा झाला होता. मी ओढणीनं काच पुसली. परत पुसली. मग बोट फिरवून बघितलं. बोटाला काही लागलं नाही.

खाली आले तेव्हा फोन वाजत होता.

"किती वाजले?"

मी म्हटलं, "सर, गेला."

मग ते म्हणाले, "पिवळा?"

"हो."

"पुसून बघितलंस?"

"बघितलं, सर."

"बरं," ते म्हणाले. "बरं. डबा खा वेळेवर." आणि फोन ठेवला.

मी घड्याळाची वायर सोडवली आणि घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवलं. दिवसभर काम केलं असेल, मला आठवत नाही. लॅब एवढी गप्प मला कधीच वाटली नव्हती. मीटर तर अगदी तळाला गेला असेल, मी बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी आले. मोज्याशी हात मिळवला. खिडकीकडं सवयीनं बघितलं, तिथं नुसती खिडकी होती. आता फोन यायचं काही कारण नव्हतं, म्हणून मी पेटीत हात घालून काम सुरू केलं.

फोन वाजला. मी मोज्यातून हात ओढून काढले आणि धावत जाऊन उचलला.

"किती वाजले?" सर म्हणाले.

त्यांच्या मागं घरात एक घड्याळ टोले देत होतं. ते थांबायच्या आत दुसरं लागलं, मग आतल्या खोलीतलं, मग दारामागचं नवं. मी सगळी थांबेपर्यंत थांबले.

"दहा, सर."

"वा!" सर म्हणाले.